ख्रिस्तात माउली पाहणारे रेव्हरंड टिळक

जळगावात १९०७ मध्ये भरलेल्या कविसंमेलनात धरणगावचे तरुण त्र्यंबक ठोंबरे 'बालकवी' झाले. त्या संमेलनाच्या उभारणीत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रभागी होते. ठोंबरे पुढे नगरला त्यांच्याच घरी राहिले, ही मोलाची गोष्ट. १८६१ मध्ये कोकणात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची झळ लक्ष्मीबाईंनाही बसली. काही वर्षे संसार दुभंगला. मनुष्यरूप घेऊन मनुष्याचे दुःख भोगणारा देव टिळकांनी वारकऱ्यांच्या भाषेत आणला, अभंगांत ख्रिस्ताला माउली मानले. त्यांचे 'ख्रिस्तायन' मात्र १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.