मक्याच्या देशात गेलेले डॉ. खानखोजे



आपल्या बारामती-इंदापूर भागात ज्याच्या दावणीला गाय, त्याच्या रानात मका असतोच. पण हा मका मूळचा आपला नाही बरं का! तो दूर मेक्सिको देशाकडचा. त्या देशात जाऊन तिथल्या शेतकऱ्यांसाठी मका सुधारणारा माणूस मात्र आपल्या महाराष्ट्रातला होता. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

त्यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. लहानपणापासून एकच ध्यास, देश स्वतंत्र करायचा. लोकमान्य टिळकांना ते फार मानत. ऐन विशीत घर सोडून ते जपानमार्गे अमेरिकेला गेले. तिथे लष्करी शिक्षण घेतले आणि शेतीचेही. गदर चळवळीत ते सामील झाले. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. पण यश आले नाही आणि मायदेशाची वाट बंद झाली.

दुसरा कोणी असता तर खचला असता. खानखोजे १९२४ साली मेक्सिकोला गेले आणि चापिंगो येथील शेती विद्यालयात शिकवू लागले. मक्यावर त्यांनी खूप संशोधन केले. कमी पाण्यात तग धरणाऱ्या गव्हावरही काम केले. पण गरीब शेतकरी विद्यालयात कसा येणार? म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने तर एका भिंतीचित्रात त्यांना सर्वांना भाकरी वाटून देताना दाखवले आहे.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्यांना परत यायचे होते. पण इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव, म्हणून आधी परवानगी नाकारली गेली! ज्या देशासाठी घर सोडले, त्याचेच दार बंद. केवढे दुःख झाले असेल! पुढे परवानगी मिळाली आणि ते नागपुरास येऊन राहिले. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. चापिंगोला २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला.

आपल्या जिरायत गावांत पाऊस ओढ देतो, तेव्हा कमी पाण्यावर येणाऱ्या बियाण्याची किंमत कळते. मित्रांनो, शिकून मोठे व्हा, पण शिकलेले बांधापर्यंत न्या. हीच खानखोज्यांची शिकवण.