काचेच्या मण्यातले रामन

मुंबईहून कलकत्त्याला जाणारी गाडी नागपूरमार्गे जावो की जबलपूरमार्गे, जळगाव-भुसावळ तिला टळत नाही. (धुळेकरांना तेवढे चाळीसगाव गाठावे लागे.) १९२१ च्या सप्टेंबरअखेर ‘नारकुंडा’ बोटीने मुंबई बंदरात आलेले ३२ वर्षांचे एक फेटेधारी प्राध्यापक कलकत्त्याला परतले, ते बहुधा आपल्या कपाशीच्या शेतांमधूनच. खानदेशात त्यांना कोणी ओळखण्याचे कारण नव्हते. पण डोक्यात दोन कोडी घेऊन ते निघाले होते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीजवळचा. अठराव्या वर्षी वित्तखात्यात अधिकाऱ्याची नोकरी लागली. हुशार मुलाने सरकारी खुर्ची धरावी, ही रीत आपल्याइतकीच त्यांच्याकडेही पक्की होती. रामन यांनी खुर्ची धरली, पण कचेरीच्या आधी पहाटे आणि कचेरी सुटल्यावर रात्री ते कलकत्त्याच्या बहुबाजार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत बसत. रंगूनला बदली झाली, १९१० मध्ये आपल्या नागपूरला झाली, तरी नाद सुटला नाही. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले. पगार बराच कमी होता. त्यांनी राजीनामा दिला! घरी पत्नी लोकसुंदरी होत्या, संसार होता. अशा निर्णयाची झळ कोणाला बसते, हे वाचकांना सांगायला नको.

आता ती दोन कोडी. पहिले लंडनचे. विजापूरच्या गोल घुमटात सहलीला गेलेल्यांना ठाऊक असेल, भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले की पार पलीकडच्या माणसाला ऐकू येते. आवाज गोल भिंतीला बिलगून पुढे सरकतो. सेंट पॉल चर्चच्या घुमटाखालीही तसेच होते. त्याची मीमांसा लॉर्ड रॅले यांनी केली होती. रामन यांनी १९२१ मध्ये सदरलँड यांच्यासह तिथे जाऊन ती तपासून पाहिली.

दुसरे कोडे परतीच्या समुद्रातले. समुद्र निळा, कारण त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते, असे रॅले यांचेच मत. रामन यांनी बोटीच्या डेकवर निकोल प्रिझम डोळ्याला लावून ते प्रतिबिंब वगळले. निळाई गेली नाही, उलट गडद झाली. म्हणजे पाणीच प्रकाश विखुरत होते. मुंबई बंदरातूनच त्यांनी ‘नेचर’साठी टिपण लिहिले.

पुढची सात वर्षे द्रवांतून प्रकाश सोडून पाहण्यात गेली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोध पक्का झाला. विखुरलेल्या जवळपास एक कोटी प्रकाशकणांत एखादा रंग बदलून बाहेर पडतो. बाजारात माल मोजताना कडता कापावा, तसा पदार्थाचा रेणू थरथरण्यासाठी प्रकाशाची थोडी ऊर्जा कापून घेतो. उरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते. हाच ‘रामन परिणाम’. १९३० चे नोबेल एकट्या रामन यांना मिळाले. दिवसचे दिवस प्रयोगाला जुंपून घेणारे के. एस. कृष्णन ‘नेचर’मधल्या पहिल्या टिपणात सहलेखक होते, पारितोषिकात नव्हते. हे मनाला लागतेच. याच संस्थेत वायूंवर काम करणारे एल. ए. रामदास पुढे पुण्याच्या हवामान खात्यात आले आणि शेतीच्या हवामानशास्त्राचा त्यांनी पाया घातला.

कोटीत एक, एवढ्या तुटपुंज्या हिशेबातून उपयोगी प्रकाश कसा मिळवायचा? १९६० मध्ये लेसर आला, आणि दोनच वर्षांत प्रखर लेसरने रामन परिणाम जोमाने घडवता येतो असे दिसले. पण त्याला ताकदवान लेसर लागे. २००२ मध्ये अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत केरी वाहाला यांच्या गटाने काचेचा केसाइतका बारीक मणी घेतला. त्याच्या कडेला सोडलेला प्रकाश आतल्या भिंतीला बिलगून फेऱ्यांवर फेऱ्या मारतो, अगदी सेंट पॉलच्या कुजबुजीसारखा. फिरता फिरता तो इतका दाटतो की एक मिलिवॉटहूनही कमी शक्ती पुरते आणि मण्यातून दुसऱ्याच तरंगलांबीचा लेसर निघतो. घुमट आणि समुद्र, १९२१ ची दोन्ही कोडी एकाच मण्यात!

रामन यांना ते पाहायला मिळाले नाही. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते बंगळूरमध्ये गेले. त्यांच्या संशोधनसंस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.