वॉल्टर कॉफमन : ऐकायला शिकण्यासाठी आलेला पाहुणा

आकाशवाणीचे प्रसारण सुरू होण्यापूर्वी वाजणारी ती सुरावट ठाऊक नाही, असे मराठी घर उटनूरमध्ये तरी नसेल. आदिलाबाद लावा, नागपूर लावा, परभणी लावा, सकाळी आधी तीच. खाली तंबोरा, वर व्हायोलिन. सुरावट शिवरंजनी रागातली आहे, हेही पुष्कळांना माहीत असते. पण ती बांधणारे वॉल्टर कॉफमन हे बोहेमियातले ज्यू होते, त्यांची भाषा जर्मन होती आणि भारतीय संगीत पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा त्यांना त्यातले काहीही समजले नव्हते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत परदेशी माणसाचे चरित्र कशाला, असे मंडळातल्या काही ज्येष्ठांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. पुढे भातखंडे येतील, आणि आपले गोंड शेजारीही येतील.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाद येथे झाला. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते चेक देशात आहे. त्यांचे शिक्षण बर्लिनला झाले. रचना ते फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे शिकले आणि वाद्यांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक कुर्ट झाक्स हेही त्यांचे गुरू होते. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी माहलर या संगीतकारावर प्रबंध पूर्ण केला. परंतु आपले प्राध्यापक नाझी चळवळीतले पुढारी आहेत हे कळताच त्यांनी पदवी घ्यायला नकार दिला. पदोन्नतीसाठी एकेका प्रमाणपत्राची किंमत आम्हा नोकरदारांना चांगली कळते. हातातोंडाशी आलेली डॉक्टरेट अशी सोडून देणे ही लहान गोष्ट नव्हे.

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी युरोपातच ऐकल्या होत्या. त्यांना ते गाणे अगदी परके वाटले, त्याचा अर्थच लागेना. बहुतेक माणसे अशा वेळी तबकडी बाजूला ठेवतात आणि हे संगीतच नव्हे असे म्हणून मोकळी होतात. कॉफमन यांनी वेगळा हिशेब केला. हे गाणाऱ्यांना बुद्धी आहे, हृदय आहे आणि लाखो लोक ते प्रेमाने ऐकतात, मग आपल्याला ते कळत नसेल तर उणीव आपल्या कानात असली पाहिजे. ती भरून काढायची तर जिथे हे संगीत जन्मले तिथे जायला हवे. मला वाटते, त्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या एका विचारात आहे.

फेब्रुवारी १९३४ मध्ये ते मुंबईला उतरले. आले होते पाहुणे म्हणून, राहिले बारा वर्षे. जर्मनीत चित्रपटतंत्र शिकून आलेले दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्याशी त्यांची ओळख होती, त्यामुळे चित्रपटांच्या संगीताचे काम मिळाले. (भवनानींच्या अजिंठा सिनेटोनमध्ये त्याच वर्षी प्रेमचंदही कथा लिहायला आले होते आणि कंटाळून परत गेले. कॉफमन टिकले.) आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम होई. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एदिजिओ वेर्गा. तीन वर्षांत शंभराहून अधिक कार्यक्रम झाले. मेहलींचे चिरंजीव झुबिन पुढे जगप्रसिद्ध झाले, त्यांचा जन्म १९३६ चा, म्हणजे याच दिवसांतला.

आता प्रश्न असा की युरोपीय वादकाला आपले गाणे कळायला इतके जड का जाते? त्यांच्याकडे एका वेळी अनेक स्वर एकमेकांवर रचले जातात आणि त्या रचनेच्या बदलण्यातून गाणे पुढे सरकते. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. त्यावर एकच गळा चालतो. सवय नसलेल्या कानाला वाटते, अर्धा तास झाला तरी काही घडलेच नाही. शिवाय त्यांचे गाणे कागदावर आधी लिहिलेले असते, आपला गवई समोर बसून ते घडवतो. तिसरी अडचण मींडेची. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नसते, आणि आपले बरेचसे गाणे नेमके त्या मधल्या जागेत असते. नकाशा-मोजणीच्या कामातल्या माणसाला हे लगेच पटेल. उटनूरहून जैनूरकडे जाणाऱ्या रस्त्याची वळणे सरळ रेघांच्या तुकड्यांनी काढली, तर गाव सापडते पण रस्ता हरवतो. पाच रेषांच्या युरोपीय लिपीत मींड लिहिणे हे तसेच काम, आणि कॉफमन यांनी ते जन्मभर केले.

१९३७ मध्ये ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत तिथे राहिले. दिल्ली केंद्रावर हेच काम जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार पाहत. तेही आपल्या संगीताचे वेडे. भारतीय वाद्यांचा वृंद त्यांनी उभा केला, पण १९३९ मध्ये कलकत्त्यात पटकीने त्यांचा मृत्यू झाला. पेटीत मींड येत नाही, म्हणून भारतीय संगीताला ती अपायकारक, असे फोल्ड्स यांचे मत होते. १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, तिच्यामागे या विचाराचाही हात होता. ती बंदी उठायला तीन दशके लागली. आपल्या भजनी मंडळाला हे सांगितले तर पेटीवाले रागावतील, आणि माझ्या मते योग्यच रागावतील. पाहुण्याने प्रेम करावे, पण घरातले कोणते भांडे बाहेर टाकायचे ते घरच्यांना ठरवू द्यावे.

कॉफमन यांची वाट सौम्य होती. ते आपले संगीत स्वतःच्या संगीतात मिसळून पाहत. मुंबई केंद्रावरून १९३८ मध्ये त्यांची 'अनसूया' ही रेडिओसाठी लिहिलेली संगीतिका प्रसारित झाली. पियानो आणि वाद्यवृंदासाठी त्यांनी 'नवरत्नम' लिहिले. ती आकाशवाणीची सुरावटही अशीच, राग आपला, तंबोरा आपला, व्हायोलिनचा हात पाश्चात्त्य पद्धतीत तयार झालेल्या मेहली मेहतांचा. आज याला फ्यूजन म्हणतात. रविशंकर आणि यहूदी मेन्युहिन यांची गाजलेली तबकडी १९६७ ची. त्याच्या तीस वर्षे आधी हे काम मुंबईत शांतपणे चालले होते, आणि देशातल्या घराघरात रोज सकाळी वाजत होते.

हे सगळे सुखात चालले होते असे मात्र नाही. १९३८ मध्ये त्यांचे गाव हिटलरने घेतले, मार्च १९३९ मध्ये प्राग गेले. पाहुण्याला परत जायला घरच उरले नाही. त्यांच्या पत्नी गेर्टी या लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या सख्ख्या भाची. काफ्का स्वतः १९२४ मध्येच क्षयाने वारले होते, पण गेर्टींची आई एल्ली आणि दोन्ही मावश्या यांना नाझींनी मारले. प्रागचे लेखक विली हास यांना मुंबईला आणण्यासाठी कॉफमन यांनी खटपट केली आणि त्यांचा जीव वाचला. सगळ्यांसाठी असे करता येणे शक्य नव्हते. रोज रेडिओवर कार्यक्रम करायचे आणि युरोपातून पत्र येते का याची वाट पाहायची, अशी ती वर्षे असणार.

याच वर्षांत ते गोंडांच्या गाण्यांकडे वळले, आणि इथे आपला संबंध येतो. मंडला भागातील गोंड आणि बैगा यांच्या लोकगीतांवरचा त्यांचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेतल्या संगीतविषयक त्रैमासिकात छापून आला. पुढे १९६० आणि १९६१ मध्ये बस्तरच्या माडिया आणि मुरिया गोंडांची गाणी आणि वाद्ये यांवर त्यांनी दोन लेख लिहिले. गाण्यांच्या चाली त्यांनी स्वरलिपीत उतरवून ठेवल्या. शास्त्रीय संगीत शिकायला आलेला माणूस डोंगरातल्या गाण्यापर्यंत गेला. आपल्याकडचे बरेच शास्त्रोक्त गायक तेवढे गेले नव्हते.

आपल्या मार्लवाईला राहिलेले हायमेनडॉर्फ साहेब सर्वांना माहीत आहेत. ते १९०९ मध्ये व्हिएन्नात जन्मले, म्हणजे कॉफमन यांच्याच साम्राज्यात, दोनच वर्षांनी. कुमरम भीम यांच्या १९४० च्या लढ्यानंतर निजाम सरकारने त्यांना या भागात पाठवले. एकाच काळात, एकाच बाजूच्या मुलखातून आलेले दोघे जण गोंडांच्या दारात बसून ऐकत होते, एक इथे आणि एक मंडल्याला. आपण मराठी कुटुंबे निजामाच्या वेळेपासून इथे आहोत. दिवाळीच्या सुमारास दंडारी निघते, गुसाडींच्या मोरपिसांचे टोप दिसतात, तुडुम वाजते, परधानांचे पेपरे घुमते. आपण दारात उभे राहून पाहतो, तांदूळ-पैसे देतो. किकरीवर परधान काय वाजवतो, त्याची चाल कुठून कुठे जाते, हे चार पिढ्यांत किती जणांनी बसून ऐकले? पियानोवाल्यापेक्षा आपल्याला ते सोपे होते. किकरीसुद्धा गजाने वाजणारे वाद्य, आपल्या सारंगीच्या कुळातले.

१९४६ मध्ये कॉफमन यांनी भारत सोडला. त्याच वर्षी मुंबईत अल्लादिया खाँसाहेब गेले, एक पर्व संपल्यासारखे झाले. काही काळ इंग्लंडला, मग कॅनडात. १९४८ पासून सुमारे दहा वर्षे ते विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक होते. तिथली थंडी आणि मुंबईचा घाम यांची तुलना नको. तरी त्या सुमारास त्यांनी वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या एका रचनेचे नाव होते 'मद्रास एक्सप्रेस'.

१९५७ पासून ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक होते. मुंबईत जमवलेले ज्ञान पुस्तकात उतरायला इथे निवांतपणा मिळाला. उत्तर भारतातील रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ मध्ये आणि दक्षिणेतील रागांवरचा १९७६ मध्ये निघाला. आशियातील स्वरलिप्यांवर एक, तिबेटी बौद्ध पठणावर एक. उत्तर भारतीय रागांच्या ग्रंथाची मांडणी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांवर आहे. भातखंडे यांनी ही पद्धती मांडणारी हिंदुस्थानी संगीत पद्धती लिहिली ती मराठीत, आपल्या मुंबईत बसून. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने यमन किंवा भैरव शोधायला ते पान उघडले, की मराठी ग्रंथातून आलेली मांडणी त्याच्यासमोर येत होती. भातखंडे गेले ते १९ सप्टेंबर १९३६ रोजी, दिवस गणेश चतुर्थीचा. कॉफमन तेव्हा त्याच शहरात होते, येऊन अडीच वर्षे झाली होती.

९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन या विद्यापीठाच्या गावी त्यांचे निधन झाले. त्यांनी लिहिलेल्या बहुतेक रचना तोपर्यंत वाजायच्या थांबल्या होत्या. पाश्चात्त्य मंडळींना त्या जरा भारतीय वाटत आणि आपल्याला पाश्चात्त्य. कागदपत्रे आणि हस्तलिखिते विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. २०२० मध्ये टोरांटोच्या एआरसी या वादकसंघाने त्यांच्या चेंबर संगीताची ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यात मुंबईच्या वर्षांतल्या रचना आहेत. मोबाईलवर त्या मिळतात. पहिल्यांदा ऐकताना थोड्या परक्या वाटतील. दोनदा ऐकाव्यात.