विश्लेषण : ठगांचे पुरलेले बळी कसे सापडले? विल्यम स्लीमन यांची तपासपद्धत काय होती?

सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवे, अशी तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. साहजिकच नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या मुलामुलींचे काम वाढणार आहे. पण डीएनए, बोटांचे ठसे, रासायनिक चाचणी यांपैकी काहीच नव्हते, तेव्हा खून सिद्ध कसा होई? याचे एक उत्तर नागपूरच्या उत्तरेला, दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याच्या आयुष्यात सापडते.

स्लीमन या भागात कसे आले?

विल्यम हेन्री स्लीमन यांचा जन्म १७८८ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये झाला. १८०९ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करात दाखल झाले आणि नेपाळच्या युद्धात लढले. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर अप्पासाहेब भोसले यांच्याकडून नर्मदेकाठचा मुलूख कंपनीकडे गेला. त्याच्या कारभारासाठी माणसे हवी होती. १८२० मध्ये स्लीमन मुलकी सेवेत आले आणि १८२२ पासून नरसिंहपूर जिल्हा सांभाळू लागले. नागपूरकर भोसल्यांचा हा जुना मुलूख १८६१ मध्ये पुन्हा नागपूरला, म्हणजे नव्या मध्य प्रांताच्या राजधानीला जोडला गेला.

नरसिंहपुरात साधी चोरी झाली तरी आपल्याला कळते, असा त्यांचा समज होता. त्यांच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती आणि एका मुक्कामावरच्या मंडेसूरच्या आमराया हा खुनांचा मोठा अड्डा होता, हे त्यांना काही वर्षांनी समजले. स्वतःची ही फजिती त्यांनी पुढे पुस्तकात लिहून ठेवली. असे किती अधिकारी करतात?

ठगांचा गुन्हा सिद्ध करणे अवघड का होते?

कारण गुन्हा झाल्याचेच कुणाला कळत नसे. ठग प्रवाशांशी वाटेत मैत्री करत, काही मुक्काम सोबत चालत आणि मग रुमालाने गळा आवळत. रक्त नाही, हत्यार नाही, आरडाओरडा नाही. प्रेते खोल पुरली जात. बळी दूरचा असे, घरच्यांना तो परतला नाही एवढेच समजे. नागपूर-जबलपूर रस्ताही या टोळ्यांच्या वाटेवर होता. त्यात एका संस्थानात खून, दुसऱ्यात लुटीची विक्री आणि तिसऱ्यात आरोपीचे घर, म्हणजे तपास नेमका कुणी करायचा?

आमराईत नेमके काय घडले?

डिसेंबर १८३० मध्ये फिरंगिया हा ठगांचा नामचीन म्होरक्या सागरला स्लीमन यांच्यासमोर आणला गेला. त्याची आई, बायको आणि मूल आधीच ताब्यात घेतलेले होते, हेही सांगायला हवे. जीव वाचवला तर मोठ्या टोळ्या पकडून देतो, असे तो म्हणाला. स्लीमन यांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने स्वतःच परीक्षा मागितली. सागरपासून सिरोंजच्या रस्त्यावर दोन मुक्कामांवर असलेल्या सलोहदा गावातून आपल्याला न्या, तिथे पुरावा दाखवतो, असे त्याचे म्हणणे होते.

स्लीमन यांचे तंबू तिथल्या आमराईत लागले. सकाळी फिरंगियाने जवळचा विटांचा लहानसा ओटा आणि भोवतालची झाडे न्याहाळली आणि तीन जागा दाखवल्या. एकीत १८१८ मध्ये मारलेला पंडित आणि त्याचे सहा सोबती, दुसरीत १८२४ मधला हवालदार आणि चार शिपाई, तिसरीत पंडितानंतर लवकरच मारलेले गंगाजल वाहणारे चार कावडवाले आणि एक स्त्री. पहिली जागा स्लीमन यांच्या झोपायच्या तंबूच्या दोऱ्यांखाली होती, दुसरी घोड्यांच्या पायांखाली. तिसरी तंबूच्या आत होती आणि तिच्यावर त्यांच्या पत्नी अमेली अजून झोपलेल्या होत्या.

वर सगळीकडे गवत होते, माती हलल्याची खूण नव्हती. स्लीमन यांनी आसपासचे गावकरी, ठाणेदार आणि शिपाई बोलावले आणि सर्वांसमोर हवालदाराची जागा खणायला लावली. आजच्या भाषेत हा पंचनामाच. पाच फूट खणूनही काही निघेना. माणूस वेडा आहे, असे म्हणत जमलेले लोक सुटकेची वाट पाहू लागले. फिरंगिया मात्र शांत होता. स्लीमन यांनी खणणे चालू ठेवले आणि सांगितले होते तसेच पाच देह सापडले. मग तंबूच्या दोऱ्या काढून दुसरी जागा उकरली. पंडिताच्या तुकडीचे देह हवालदाराच्या तुकडीपेक्षा जास्त कुजलेले होते. एक खून सहा वर्षे जुना असल्याचे फिरंगियाचे सांगणे जमिनीनेही मान्य केले. कावडवालेही निघाले. आणखी जागा दाखवायला तो तयार होता, पण स्लीमन यांना आता ते काम सोसवेना.

आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू किंवा प्रेत सापडले, तर सांगण्यातला तेवढाच भाग पुरावा ठरतो, हे तत्त्व नंतर १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २७ मध्ये आले. आज ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे.

स्लीमन यांची पद्धत कशी चालत असे?

माफीच्या साक्षीदारांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे आणि नावे, ठिकाणे, वर्षे ताडून पाहायची. कोण कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, याच्या वंशावळी त्यांनी तयार केल्या. ठगांची सांकेतिक बोली रामसी हिचा शब्दसंग्रह १८३६ मध्ये छापला. खुनांच्या जागा नकाशावर मांडल्या जाऊ लागल्या आणि एकट्या अवधमध्ये अशा २७४ जागा नोंदल्या गेल्या. जुनी हाडे ओळखण्याची नजर त्यांना होतीच. १८२८ मध्ये जबलपूरच्या टेकडीवर त्यांनी उचललेली अश्मीभूत हाडे पुढे डायनासोरची निघाली.

मग आक्षेप कशावर आहे?

मोहीम वाढली तशी खणण्याची चिकाटी कमी झाली आणि जबाबांचे वजन वाढले. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत कधीही सामील असणे हाच जन्मठेपेचा, सक्तमजुरीचा गुन्हा ठरला. विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ठग म्हणजे कोण, याची व्याख्याही कायद्यात नव्हती. १८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ जणांचा निकाल लागला. त्यापैकी ४१२ जण फासावर गेले आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. नाव घेतले तर जीव वाचतो, अशा वेळी किती नावे खरी होती? इतिहासकारांचा वाद आजही इथेच अडतो. सागरला फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या एडिनबर्गला पाठवल्या गेल्या. तिथे कवटीच्या उंचवट्यांवरून गुन्हेगारी स्वभाव ओळखण्याचा प्रयत्न झाला. तेही त्या काळी विज्ञानच म्हणवले जात होते.

पुढे काय झाले?

स्लीमन नंतर ग्वाल्हेर आणि लखनौला रेसिडेंट झाले. अवधच्या कारभारावर त्यांनी कडक टीका केली, पण ते राज्य खालसा करण्यास त्यांचा विरोध होता. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा झाले. त्याच महिन्यात, १० तारखेला, मायदेशी जाताना श्रीलंकेजवळ जहाजावर स्लीमन यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेले ठगी आणि दरोडा खाते १९०४ मध्ये केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभागात बदलले. कटनी जिल्ह्यातले स्लीमनाबाद आजही त्यांच्या नावाने आहे.

त्यांच्या काळात सुटलेला ठग पुन्हा ओळखता यावा म्हणून शरीरावर गोंदत असत. स्लीमन गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १८५८ मध्ये, बंगालच्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारपत्रावर घेतला.