घंटा वाजली की वाकणारं खजुराचं झाड आणि त्याच्याशेजारी यंत्र लावणारे जगदीशचंद्र बोस

बंगालमधल्या फरीदपूरजवळ खजुराचं एक झाड होतं. संध्याकाळी देवळात घंटा वाजायला लागल्या की हे झाड खाली वाकलेलं दिसायचं, इतकं की शेंड्याची पानं जमिनीला टेकायची. सकाळी बघावं तर मान पुन्हा वर. लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला, झाड देवाला नमस्कार करतंय. मग गर्दी वाढली, झाडापुढे नैवेद्य ठेवला जाऊ लागला, त्याच्यामुळे दुखणी बरी होतात अशी चर्चाही सुरू झाली.

आज असं झाड सापडलं असतं तर दोन दिवसांत त्याच्यावर शेकडो रील आले असते. तेव्हा तिथे यंत्र घेऊन माणसं पाठवली ती सर जगदीशचंद्र बोस यांनी.

बोस यांचं नाव आपल्याकडे एका वाक्यात संपतं. झाडांना जीव असतो हे त्यांनी सिद्ध केलं, बस्स. खरं तर झाडांना जीव असतो हे आपल्या आजीलाही माहीत होतं, त्यासाठी शास्त्रज्ञ लागत नव्हता. बोस यांचं काम याहून अवघड होतं. ऊन, थंडी, धक्का, विष यांपैकी काहीही झालं की झाडाच्या आत जो बारीकसा बदल होतो, तो मोजायचा कसा? हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, मैमनसिंगचा. हा भाग आता बांगलादेशात येतो. वडील भगवानचंद्र फरीदपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, त्यामुळे लहानपण तिथेच गेलं. साहेबाच्या हाताखालचा अधिकारी असूनही त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातलं. आणि शाळेत ने-आण करायला माणूस कोण ठेवला, तर ज्या दरोडेखोराला त्यांनीच तुरुंगात पाठवलं होतं तो. सुटून आल्यावर त्याला काम हवं होतं, यांनी दिलं.

पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स, मग डॉक्टर व्हायला इंग्लंड. तापानं पिच्छा सोडला नाही म्हणून डॉक्टरकी सुटली आणि केंब्रिजमध्ये विज्ञान सुरू झालं. तिथे लॉर्ड रेली यांच्यासारखे शिक्षक मिळाले.

1885 मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये प्राध्यापक म्हणून लागले, आणि पहिलाच झटका पगाराचा होता. त्याच कामासाठी गोऱ्या प्राध्यापकाला पूर्ण पगार आणि भारतीयाला कमी. बोस यांनी भांडण केलं नाही. शिकवत राहिले आणि पगार घ्यायचं नाकारलं, तेही तीन वर्षं. शेवटी सरकारनं माघार घेतली आणि मागची सगळी बाकी पूर्ण दरानं चुकती केली.

1895 मध्ये त्यांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये तारेशिवाय लांबवरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. रेडिओच्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते या कामामुळे, पण तो स्वतंत्र विषय आहे.

रेडिओलहरी पकडणाऱ्या उपकरणावर काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली. सतत वापरलं की धातूचं उपकरणही थकल्यासारखं वागायचं आणि थोडा आराम दिला की पुन्हा ताळ्यावर यायचं. मग वनस्पती कशी वागत असेल, या प्रश्नानं भौतिकशास्त्राचा हा प्राध्यापक झाडांकडे वळला.

1901 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी साध्या वनस्पतीही विजेच्या संकेतानं प्रतिसाद देतात हे मांडलं. तिथले मोठे शरीरशास्त्रज्ञ बर्डन सँडरसन यांनी विरोध केला आणि बोस यांचा निबंध छापायचा राहून दप्तरी पडला. भौतिकशास्त्रातल्या माणसानं, त्यातही कोलकात्याहून आलेल्या माणसानं, आपल्या विषयात शिरावं हे अनेकांना रुचलं नसावं. पुढच्या वर्षी लिनियन सोसायटीनं त्यांचं काम छापलं.

यातून बोस एक धडा शिकलेले दिसतात. शास्त्रज्ञ सांगतो म्हणून कोणी मानणार नाही, झाडाकडूनच लिहून घ्यायला हवं. म्हणून मग यंत्रं. काजळी धरलेल्या काचेवर झाडाच्या हालचालीची रेघ ओढणारं यंत्र. पानाला धागा, धाग्याला बारीक आरसा आणि आरशावर प्रकाशाचा झोत, म्हणजे पान केसभर हललं तरी प्रकाशाचा ठिपका लांब सरकणार. झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ. ही नाजूक यंत्रं त्यांनी इथल्याच कारागिरांना शिकवून बनवून घेतली.

तर आता फरीदपूरचं झाड. झाडाच्या मालकाला यंत्र लावायचं म्हटल्यावर धास्ती वाटली. परदेशी दिसणाऱ्या वस्तूचा स्पर्श झाला आणि झाडाची शक्ती गेली तर? त्याला समजावण्यात आलं की यंत्र भारतातच बनलंय आणि ते लावणारा सहायक पुजाऱ्याचा मुलगा आहे. मग परवानगी मिळाली. मला या गोष्टीतला हा भाग फार आवडतो. बोस यांनी मालकाची टिंगल केली नाही, त्याची अडचण सोडवली.

यंत्रानं दिवसरात्र रेघ ओढली. शेजारी तापमान नोंदवणारं यंत्रही होतं. दोन्ही रेघा समोर ठेवल्यावर दिसलं की झाड फक्त संध्याकाळी वाकत नाही, ते सतत हलत असतं. सकाळच्या गारव्यात सगळ्यात वर, ऊन तापेल तसं खाली, रात्री हवा थंड होईल तसं पुन्हा वर. ते वादळानं तिरकं झालेलं होतं. तिरकं झाड गुरुत्वाकर्षणाच्या उलट वर उठायला बघतं, आणि उष्णता वाढली की हा जोर कमी पडतो, असा बोस यांचा निष्कर्ष होता. थोडक्यात, घंटेचा काही संबंध नव्हता. घंटेच्या वेळी माणसं तिथे असायची, म्हणून त्यांना तेवढंच दिसायचं. पुढे झाड मेलं आणि हालचालही थांबली. म्हणजे हा खेळ नुसत्या लाकडाच्या आकसण्या-फुगण्याचा नव्हता, जिवंत पेशींचा होता.

बोस यांच्याकडे भोवतालच्या हवेचं तापमान होतं. पानाच्या आत, अगदी पेशीजवळ किती तापलंय हे आज नॅनोकणांनी मोजायचे प्रयत्न चालू आहेत. यटर्बियम आणि अर्बियम ही मूलद्रव्यं मिसळलेल्या कणांवर डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकला की ते हिरवे चमकतात. त्या हिरव्यात दोन छटा असतात आणि तापमान बदललं की दोघींचं प्रमाण बदलतं. ते प्रमाण मोजलं की तापमान कळतं. अवरक्त प्रकाशच का? कारण निळ्या-हिरव्या प्रकाशात पानातलं हरितद्रव्य स्वतःच लाल चमकतं आणि कणांची चमक त्यात हरवू शकते. अडचणीही आहेत. वनस्पतीच्या पेशीला कडक भिंत असते, कण आत शिरणं सोपं नाही, आणि शिरलेले कण झाडाला त्रास देत नाहीत ना हेही बघावं लागतं.

बोस यांचं सगळंच टिकलं असं नाही. वनस्पतींमध्ये विजेचे संकेत फिरतात हे आज मान्य आहे, पण प्राण्यांसारखी मज्जासंस्था त्यांना नसते. झाडांना भावना असतात असं त्यांच्या नावानं फिरणाऱ्या पोस्ट तर जपूनच वाचाव्यात.

शंका त्यांच्यावरही शेवटपर्यंत घेतल्या गेल्या. 1920 मध्ये लंडनमध्ये त्यांच्या क्रेस्कोग्राफवरच प्रश्न उभा राहिला. त्यांनी शास्त्रज्ञांसमोर प्रयोग करून दाखवला, आणि यंत्र खरंच वाढ मोजतं असं त्या मंडळींनी टाइम्समध्ये पत्र लिहून सांगितलं. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांचं चरित्रही 1920 मध्येच आलं, आणि ते लिहिणारे पॅट्रिक गेडेस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

30 नोव्हेंबर 1917 ला, स्वतःच्या वाढदिवशी, बोस यांनी कोलकात्यात संशोधन संस्था सुरू केली होती. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीहला त्यांचं निधन झालं. वयाची एकोणऐंशी वर्षं पूर्ण व्हायला आठवडाच बाकी होता. बोस इन्स्टिट्यूट आजही चालू आहे.