कापरेकर मास्तर आणि शेवटचा अंक

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्या आकडेमोडीतूनच मुलाला संख्यांची गोडी लागली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. बी. एस्सी.च्या पुढे मात्र ते शिकले नाहीत. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षं ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत मांडली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी हा पोरखेळ समजून हसण्यावारी नेला. मास्तरांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे जगाला ते माहीत झाले. १९८६ मध्ये ते वारले.

आता हे सगळं आपल्या बेळगावच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कशाला? कारण मास्तरांचं गणित सॉफ्टवेअरची परीक्षा घेतं. करून बघा.

२१११ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ०९९९. सॉफ्टवेअर पुढचं शून्य टाकून देतं आणि नुसतं ९९९ ठेवतं. मग ९९९ वजा ९९९, उत्तर शून्य! मास्तर चुकले का? नाही. दर पायरीला चार अंक पुरे करून घ्या, म्हणजे ९९९० वजा ०९९९ होईल आणि पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ करत ६१७४ येईल.

दुसरं उदाहरण त्यांच्या डेम्लो संख्यांचं. १११११११११ या नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. एक्सेल पहिले पंधरा अंक ठेवतं आणि पुढे शून्यं लावतं, म्हणून शेवटचे अंक ३०० येतात. ऑक्टेव्हमध्ये शेवटचे अंक ३२० येतात, कारण तिथे साध्या हिशेबात २ च्या ५३ व्या घातापलीकडची प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी मावत नाही. पायथनमध्ये पूर्णांकाला ही मर्यादा नाही, तिथे उत्तर बरोबर येतं.

ही चूक पकडायला डिग्री लागत नाही. एकाचा वर्ग एकच, म्हणून शेवटचा अंक १ च हवा. एवढं पाचवीतलं पोरही सांगेल. म्हणून मोठं उत्तर आलं की शेवटचा अंक हाताने तपासायचा, आणि प्रोग्राम आधी अशा गणितावर चालवायचा ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

निपाणी, खानापूरकडच्या मराठी शाळांतून आलेले आपल्यातले कितीतरी जण इंग्रजी स्क्रीन बघून बावरतात, आणि मशीनने दिलं ते खरं मानून वहीत उतरवतात. तसं करू नका. मास्तरांकडे कागद, पेन्सिल आणि स्वतः ताळा करून बघायची सवय होती. ती सवय आपल्या शाळेनेही आपल्याला लावलेली आहे. ती लॅबच्या दाराशी काढून ठेवू नका.