दोन केबल लावल्या तरी स्पीड दुप्पट का होत नाही? उत्तर शोधणाऱ्या एर्लांग यांची गोष्ट

सर्व्हरला दोन नेटवर्क केबल लावल्या, त्या दोन वेगवेगळ्या स्विचमध्ये घातल्या आणि बाँडिंग सुरू केलं. आता स्पीड दुप्पट, आणि एक स्विच बंद पडला तरी टेन्शन नाही! असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मग एक मोठी फाइल कॉपी करायला घेतली, तर स्पीड एकाच केबलएवढा. हा हिशोब कुठे चुकतो ते कळायला १०० वर्षांहून जुन्या कोपनहेगनमध्ये जावं लागतं. तिथे एका गणिताच्या मास्तरांनी याच प्रश्नावर अख्खं आयुष्य घालवलं. त्यांचं नाव आग्नर क्रारुप एर्लांग.

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या लोनबोर्ग या गावी. वडील गावच्या शाळेत मास्तर. आईच्या घराण्यात पूर्वी टोमास फिंके नावाचे गणिती होऊन गेले होते. त्रिकोणमितीत आपण टॅन्जंट आणि सेकंट शिकतो ना, ते शब्द यांनीच रूढ केले. लहानपणी मोठा भाऊ पुस्तक वाचत असला की आग्नर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचायचा, असं सांगतात. १४ व्या वर्षी कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा द्यायला गेला तेव्हा वय कमी पडत होतं, म्हणून खास परवानगी काढावी लागली. परीक्षा उत्तम गुणांनी पास झाला, पण लगेच पुढे शिकायला न जाता दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवलं. १८९६ मध्ये विद्यापीठात प्रवेश, १९०१ मध्ये पदवी. मुख्य विषय गणित, जोडीला खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. त्यानंतर सात वर्षं वेगवेगळ्या शाळांत मास्तरकी.

आयुष्याला वळण मिळालं ते डॅनिश गणित मंडळाच्या बैठकांमध्ये. तिथे त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. गणितात येन्सनची असमानता प्रसिद्ध आहे, तेच हे येन्सन. पण पोटापाण्यासाठी ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते. त्यांनी एर्लांग यांची गाठ कंपनीचे संचालक फ्रिट्झ योहानसन यांच्याशी घालून दिली आणि १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत दाखल झाले. पद मोठं होतं, प्रयोगशाळेचे प्रमुख. पण सुरुवातीला हाताखाली कुणीच नाही! जमिनीखालच्या केबलमधले भटके विद्युतप्रवाह मोजायचे तर स्वतःच जायचं. शिडी घेतलेला एक कामगार सोबत, आणि हे गणितज्ञ रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरतायत, असं दृश्य कोपनहेगनमध्ये दिसायचं. मला स्वतःला त्यांच्याबद्दलची ही गोष्ट सगळ्यात आवडते. ज्या तारांचं गणित मांडलं, त्या तारा त्यांनी हाताने चाचपल्या होत्या.

कंपनीचा प्रश्न साधा वाटणारा होता. दोन एक्स्चेंजच्या मध्ये लाइन किती टाकायच्या? कमी टाकल्या तर लोकांना फोन लागत नाही. जास्त टाकल्या तर पैसे जमिनीत पुरल्यासारखे. आणि कोण कधी फोन करेल ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. १९०९ मध्ये एर्लांग यांनी टेलिफोनवरच्या संभाषणांबद्दल एक लेख लिहून दाखवलं, की हे फोन वाटेल तेव्हा येत असले तरी त्यांची संख्या पॉइसनच्या नियमाने बांधलेली असते. १९१७ मध्ये त्याच्याही पुढचं पाऊल आलं. इतक्या लाइन, इतका ट्रॅफिक, तर किती फोन परत फिरतील आणि किती वेळ थांबावं लागेल, याची सूत्रं त्यांनी दिली. ब्रिटिश पोस्ट ऑफिसनेही ही सूत्रं वापरात घेतली.

आता आपल्या केबलकडे येऊ. एक लाइन तासभर सलग व्यग्र असली तर तो झाला १ एर्लांग ट्रॅफिक. तासाभरात चार-चार मिनिटांचे ३० फोन म्हणजे १२० मिनिटं, म्हणजे २ एर्लांग. समजा १०० पैकी एकच फोन परत गेलेला चालेल असं ठरवलं, तर १० लाइन ४.४६ एर्लांग पेलतात. मग १०-१० लाइनचे दोन वेगळे गट ८.९२ पेलतील. पण त्याच २० लाइन एकत्र केल्या की आकडा जातो १२ वर. एक तार वाढली नाही, तरी क्षमता सुमारे एक तृतीयांशाने वाढली. एका गटात गर्दी असताना दुसऱ्यातली लाइन रिकामी पडून राहते, ती आता वापरात येते. लिंक अ‍ॅग्रिगेशनची सगळी आशा याच गणितावर उभी आहे.

पण या सूत्रात एक अट आहे: येणाऱ्या फोनला कुठलीही रिकामी लाइन मिळाली पाहिजे. एलएसीपीमध्ये नेमकं हेच होत नाही. पॅकेटचा क्रम बिघडू नये म्हणून ८०२.३एडी मानकाने अट घातली की एका संभाषणाची सगळी पॅकेट एकाच लिंकवरून जावीत. (मानकातही शब्द कॉन्व्हर्सेशन हाच आहे, बरं का.) लिंक निवडली जाते ती पत्त्यांच्या हॅशवरून. ती लिंक भरलेली आहे की रिकामी, हे हॅशला कळत नाही. म्हणून एक फाइल एकाच केबलवरून जाते. चार लिंकवर चार मोठी कनेक्शन असली, तरी प्रत्येकाला वेगळी लिंक मिळण्याची शक्यता २५६ पैकी २४, म्हणजे १० टक्क्यांहूनही कमी. लिनक्समध्ये हॅश ठरवताना डीफॉल्टने फक्त मॅक पत्ते पाहिले जातात. सगळी रहदारी एकाच राउटरकडे जात असेल तर दुसरी केबल बसूनच राहते. लेयर ३+४ निवडलं तर आयपी आणि पोर्टही मोजले जातात, वाटणी सुधारते. मात्र ही झाली सर्व्हरकडून जाणाऱ्या रहदारीची गोष्ट. येणारी कशी वाटायची ते स्विच स्वतःच्या हॅशने ठरवतो, त्यामुळे तिथली सेटिंगही पाहायला हवी. आणि दोन वेगवेगळ्या स्विचवर एलएसीपी चालवायचं तर ते स्विच स्टॅक किंवा एमएलएजीने जोडलेले लागतात. नाहीतर अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप वापरा आणि क्षमता एका केबलचीच धरा.

यापेक्षा महत्त्वाचा आकडा पुढे आहे. त्या २० लाइनवर १२ एर्लांग सुखाने चाललेत आणि अचानक निम्म्या लाइन तुटल्या. आता १०० पैकी किती फोन परत जातील? दोन? पाच? एर्लांग यांच्या सूत्राने ३०! एकत्र केल्यामुळे जी जास्तीची क्षमता वाटत होती ती आपण वापरून टाकलेली असते, म्हणून फटका एवढा मोठा बसतो. सर्व्हरचंही तसंच. दोन्ही लिंक ७० टक्के भरल्या असतील तर एक स्विच गेल्यावर उरलेल्या एका लिंकवर १४० टक्के ओझं येतं. कागदावर रिडंडन्सी आहे, प्रत्यक्षात नाही. दोन्ही मिळून गर्दीच्या वेळीसुद्धा एका केबलपेक्षा कमीच वापर असेल, तरच तिला रिडंडन्सी म्हणा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, फोनचं सूत्र डेटाला जसंच्या तसं लागू होत नाही. फोन परत जातो, पॅकेट रांगेत थांबतं आणि रांग भरली की टाकून दिलं जातं. शिवाय बेलकोरमध्ये मोजलेल्या इथरनेट रहदारीवरचा अभ्यास १९९४ मध्ये छापून आला. त्यात दिसलं की ही रहदारी पॉइसनपेक्षा कितीतरी जास्त झटक्याझटक्याने येते. म्हणजे मोकळी जागा एर्लांग सांगतात त्याहून जास्तच ठेवावी लागते.

एर्लांग यांनी लग्न केलं नाही. रात्री उशिरापर्यंत काम करायचे, घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता. गरजू माणसं थेट प्रयोगशाळेत त्यांच्याकडे मदत मागायला येत आणि ते कुणाला कळू न देता पैसे देत. कंपनीत जवळपास २० वर्षं काढली. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी कोपनहेगनमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा वय ५१.

ट्रॅफिकच्या एककाला त्यांचं नाव मिळालं ते १९४६ मध्ये. पुढे १९८० च्या दशकात एरिक्सन कंपनीत टेलिफोन स्विचसाठी एक प्रोग्रॅमिंग भाषा तयार झाली, तिलाही एर्लांग हेच नाव दिलं गेलं. आज तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकता, तेव्हा पलीकडच्या सर्व्हरवर तीच भाषा काम करत असते.